एफपीजीएवर थेट कॅमेऱ्याचं चित्र: पहिल्या जोडणीपासून कडा शोधण्यापर्यंत

फर्मागुडी असो, वेर्णा असो, फातोर्डा असो की कुंकळ्ळी, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला ‘एफपीजीएवर इमेज प्रोसेसिंग’ हा विषय घेणारी मुलं दरवर्षी भेटतात. एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं बांधून घेता येतं अशी चिप. विषय सुंदर आहे. पण गणपतीच्या सुमारास हौसेने घेतलेला हा विषय शिगम्यापर्यंत गळ्यात आलेला असतो, कारण बोर्ड हातात आल्यावर सुरुवात नेमकी कुठून करायची हे सलग कुणी सांगत नाही. कॅमेऱ्याची माहिती एकीकडे, व्हीजीएची, म्हणजे मॉनिटरच्या जोडणीची, दुसरीकडे, गणित तिसरीकडे. या वाटेवरून मी गेलो आहे आणि नंतर बऱ्याच मुलांसोबत पुन्हा चाललो आहे. त्यातून जो क्रम पक्का झाला तो इथे देतो. सगळं नीट झालं की कॅमेऱ्यासमोर हात धरताच मॉनिटरवर हाताच्या कडा पांढऱ्या रेषांत उमटतील, आणि मध्ये कुठेही संगणक नसेल.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. पायथनमध्ये शिकताना आपण पूर्ण चित्र मेमरीत घेतो आणि मग त्यावर लूप फिरवतो. एफपीजीएवर तसं करायचं नाही. कुळागरात पाणी आधी टाकीत साठवून मग बादलीने घालत नाहीत. पाट वाहत राहतो आणि वाहता वाहताच प्रत्येक पोफळीला पाणी मिळतं. कॅमेऱ्यातून पिक्सेल असेच एकामागून एक येत असतात. ते वाहत असतानाच त्यांच्यावरचं काम उरकायचं. ज्यांना हे उमगलं त्यांचं प्रोजेक्ट पुढे सरकतं, आणि जे आधी अख्खी फ्रेम साठवायला जातात ते मेमरीपाशी अडकतात.

१. हे काम एफपीजीएचंच आहे का, ते ठरवा

चेहरे ओळखायचे असतील, गाडीची नंबरप्लेट वाचायची असेल, किंवा सेकंदाला पाच-दहा चित्रं तपासून भागत असेल, तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी तयार लायब्ररी घ्या. महिन्याभरात काम होईल आणि त्यात काही कमीपणा नाही. एफपीजीए तिथे लागतो जिथे उत्तर ठरलेल्या वेळेत यायलाच हवं, प्रत्येक वेळी, एकदाही उशीर न होता.

आपल्याकडचं उदाहरण काजूच्या कारखान्याचं. सोललेले गर पट्ट्यावरून चाललेत, कॅमेरा वरून पाहतो आहे, आणि करपलेला गर दिसला की पुढे हवेचा झोत मारून तो बाजूला उडवायचा आहे. पट्टा सेकंदाला २ मीटर वेगाने जातो असं धरा. तीस फ्रेमच्या कॅमेऱ्याची एक फ्रेम म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात गर ६६ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. पूर्ण फ्रेम साठवून मग विचार करायचा म्हटलं तर एवढा उशीर नुसता साठवण्यातच जातो, आणि वर ऑपरेटिंग सिस्टीम मध्येच दुसऱ्या कामाला लागली तर तो कमी-जास्तही होतो. कमी-जास्त होणारा उशीर झोताला चालत नाही. एफपीजीएवर वाहत्या पिक्सेलांतून निर्णय घेतला, तर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या वेळेवर आपली भर जेमतेम एका ओळीची पडते. पुढे आपण जो कॅमेरा वापरणार आहोत त्याची एक ओळ सुमारे ६५ मायक्रोसेकंदांची आहे. तेवढ्यात गर सरकतो ०.१३ मिलिमीटर, आणि ही भर दर वेळी तितकीच असते.

या कारणासाठीच कारखान्यांतल्या रंगावरून निवड करणाऱ्या यंत्रांत एका वेळी एकच ओळ टिपणारे कॅमेरे बसवतात. आपला कॅमेरा तसा नाही, पण पिक्सेल तोही ओळीओळीनेच देतो. शिकायला तेवढं पुरे.

२. सामान आणि कागद जमवा

बोर्ड विकत घेण्याआधी कॉलेजच्या लॅबचं कपाट उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी चांगले बोर्ड खोक्यातच पडून असतात आणि विभागप्रमुखांच्या सहीच्या पत्रावर प्रोजेक्टपुरते मिळतात. मात्र चिपवरचं नाव वाचा. स्पार्टन-३ किंवा स्पार्टन-६ असेल तर त्याला आजचं व्हिवाडो (आपलं सर्किट चिपसाठी तयार करणारं झायलिंक्स कंपनीचं सॉफ्टवेअर) चालत नाही. त्यासाठी जुनं आयएसई १४.७ लागतं. अल्टेरा कंपनीची सायक्लोन चिप असेल तर क्वार्टस लागतं, आणि त्यातही जुन्या सायक्लोनला जुनी आवृत्ती. हे न पाहता आधी सॉफ्टवेअर उतरवून घेणाऱ्यांचा इंटरनेट आणि वेळ दोन्ही फुकट जातात. आणखी एक, पुस्तकात झायलिंक्स लिहिलेलं असेल आणि सॉफ्टवेअरवर एएमडी दिसेल. गोंधळू नका, एएमडीने २०२२ मध्ये झायलिंक्स विकत घेतली.

या लेखात बेसिस ३ हा बोर्ड धरला आहे. त्यावर आर्टिक्स-७ मालिकेतली ३५टी चिप आहे: २०,८०० लुकअप टेबलं (सर्किट बांधायचे छोटे ठोकळे), १,८०० किलोबिट ब्लॉक रॅम (चिपच्या आतली मेमरी), ९० डीएसपी (गुणाकाराचे तयार ठोकळे), १०० मेगाहर्ट्झचं क्लॉक (सगळं सर्किट ज्या ठोक्यावर चालतं तो सिग्नल), १६ स्विच आणि व्हीजीएचा पोर्ट. ही चिप व्हिवाडोच्या मोफत आवृत्तीत चालते. पैसे कमी असतील तर टँग नॅनो ९के हा गोविन कंपनीच्या चिपचा छोटा बोर्ड आहे; त्यात ८,६४० लुकअप टेबलं आणि एचडीएमआयचा सॉकेट आहे. तोही चालेल, पण मेमरीचा हिशेब आणखी काटेकोर करावा लागेल आणि एचडीएमआयचा सिग्नल व्हीजीएपेक्षा अवघड असतो. पहिल्यांदाच हात घालत असाल तर मी व्हीजीएवालाच बोर्ड सुचवीन.

बाकीचं सामान:

• ओव्ही७६७० कॅमेरा मॉड्यूल, १८ पिनांचं. पाठीमागे वेगळी फिफो चिप (आधी आलेलं आधी बाहेर देणारी मेमरी) बसवलेलं मॉड्यूलही याच नावाने विकतात. ते घेऊ नका, त्याची जोडणी आणि वागणूक दोन्ही वेगळी.
• व्हीजीए सॉकेट असलेला मॉनिटर. जुना चौकोनी मॉनिटर उत्तम. एचडीएमआयचं कन्व्हर्टर लावून काम सुरू करू नका. चित्र आलं नाही तर चूक कुणाची हे कळत नाही.
• १० सेंटिमीटरच्या आतल्या जम्पर वायर. लांब वायरने चित्रात ठिपके येतात.
• ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर, आणि मल्टिमीटर.
• ८ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनलायझर. तारांवरचे ० आणि १ तो संगणकावर दाखवतो; हा खर्च टाळू नका.
• १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि डिस्कवर भरपूर मोकळी जागा. व्हिवाडो उतरवायचं तर कॉलेजच्या नेटवर रात्री लावून ठेवा, आणि इन्स्टॉल करताना फक्त आर्टिक्स-७ वर खूण करा, नाहीतर नको त्या चिपांची माहितीही डिस्कवर येऊन बसते.

पणजी-मडगावच्या दुकानांत रेझिस्टर, वायर, सोल्डर मिळून जातं. बोर्ड बहुधा ऑनलाइनच मागवावा लागेल. परदेशातून मागवलात तर कुरिअरवाले केवायसीची कागदपत्रं मागतात आणि सीमाशुल्क वेगळं पडतं. भारतातल्या विक्रेत्याची किंमत जास्त वाटली तरी हे धरून तुलना करा.

कागद तीन लागतील, आणि तिन्ही छापून जवळ ठेवा: बोर्डाचा रेफरन्स मॅन्युअल, बोर्डाची मूळ कन्स्ट्रेंट फाइल (कोणता सिग्नल कोणत्या पिनवर ते सांगणारी), कॅमेऱ्याची डेटाशीट. मूळ कन्स्ट्रेंट फाइल उत्पादकाकडचीच घ्या. दुसऱ्याच्या प्रोजेक्टातली उचलली की पिनांची नावं जुळत नाहीत.

३. संगणक बंद ठेवून वहीत हिशेब करा

ही पायरी मुलं गाळतात, आणि पुढची सगळी ठेच इथूनच लागते.

६४०×४८० चं रंगीत चित्र, प्रत्येक पिक्सेल १६ बिटांचा: गुणाकार केला की ४९,१५,२०० बिट. आपल्या चिपची एकूण ब्लॉक रॅम १,८०० किलोबिट, म्हणजे १८,४३,२०० बिट. मावत नाही. रंग सोडून ८ बिटांचं करडं चित्र घेतलं तर २४,५७,६०० बिट. तेही मावत नाही. ४ बिटांचं करडं चित्र १२,२८,८००, हे मावतं. आता फक्त कडा आहे की नाही एवढंच, म्हणजे पिक्सेलला १ बिट ठेवलं तर ३,०७,२००. अशी दोन चित्रं ठेवली तरी अर्धीसुद्धा मेमरी भरत नाही.

हा शेवटचा आकडा नीट पाहा. आधी साठवून मग प्रक्रिया केली तर सगळ्यात मोठी गोष्ट साठवावी लागते. आधी प्रक्रिया करून मग साठवलं तर सगळ्यात लहान. बोर्ड तोच, चिप तीच, फक्त क्रम बदलला.

प्रक्रियेसाठी म्हणाल तर ३×३ च्या खिडकीला, म्हणजे पिक्सेल आणि त्याच्या आठ शेजाऱ्यांना, मागच्या फक्त दोन ओळी आठवाव्या लागतात. दोन ओळी, ६४० पिक्सेल, ८ बिट: १०,२४० बिट. चिपमधल्या ५० ब्लॉकांपैकी अर्धा ब्लॉकसुद्धा त्याला पुरतो.

मग चित्र साठवायचंच कशाला? कारण कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम देतो आणि व्हीजीए ६० मागतो, आणि दोघांचे क्लॉक वेगळे. तेवढ्या जुळवाजुळवीपुरता फ्रेम बफर, म्हणजे अख्खं चित्र ठेवायची जागा, लागतो, तोही फक्त दाखवण्यासाठी. झोत मारायचा निर्णय बफरच्या अलीकडेच झालेला असतो.

४. पहिलं काम मॉनिटरचं

कॅमेऱ्याला अजून हात लावू नका. उलट्या टोकाने, दाखवण्यापासून सुरुवात करायची. मॉनिटर चालू असला की पुढचं सगळं डोळ्यांनी तपासता येतं.

६४०×४८० ला ६० हर्ट्झवर पिक्सेल क्लॉक २५.१७५ मेगाहर्ट्झ लागतो. १०० ला ४ ने भागून मिळणारा २५ मेगाहर्ट्झ बहुतेक मॉनिटर चालवून घेतात. आडवे आकडे: ६४० दिसणारे पिक्सेल, मग १६ फ्रंट पोर्च, ९६ सिंक, ४८ बॅक पोर्च, एकूण ८०० (सिंक म्हणजे नवी ओळ सुरू करायची खूण, पोर्च म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंची न दिसणारी मोकळी जागा). उभे: ४८०, १०, २, ३३, एकूण ५२५. दोन काउंटर, चार तुलना, बस. या मोडमध्ये दोन्ही सिंक उलट्या असतात, म्हणजे एरवी १ आणि सिंकच्या वेळी ०.

आठ रंगांचे उभे पट्टे काढा, आणि चारही बाजूंना एक पिक्सेल जाडीची पांढरी चौकट. चौकट काढाच. ती चारही बाजूंना दिसली तरच तुमचे काउंटर बरोबर. नुसत्या पट्ट्यांवरून एका पिक्सेलचा फरक लक्षात येत नाही आणि तो पुढे कडांच्या चित्रात छळतो.

‘आउट ऑफ रेंज’ असं मॉनिटरवर आलं तर आधी क्लॉक तपासा. दिसणाऱ्या भागाबाहेर रंगाच्या तारांवर ० दिलं नसेल तर बरेच मॉनिटर चित्र काळपट किंवा विचित्र रंगाचं दाखवतात.

५. आता कॅमेरा

वीज ३.३ व्होल्ट. ५ दिलेत तर कॅमेरा गेला. रीसेटची पिन वर, पॉवर-डाउनची पिन खाली बांधा; मोकळी सोडू नका.

क्रम असा: आधी कॅमेऱ्याला एक्सक्लॉक, म्हणजे त्याला चालवणारा क्लॉक, द्या, साधारण २४ किंवा २५ मेगाहर्ट्झ. तो मिळाल्याशिवाय कॅमेरा रजिस्टरच्या (त्याच्या सेटिंगच्या कप्प्यांच्या) तारेवरही उत्तर देत नाही. ‘आयटूसी चालत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी एक्सक्लॉक आहे का विचारतो, आणि बहुतेकदा तिथेच गाठ सुटते. रजिस्टर लिहिण्याच्या तारांना एससीसीबी म्हणतात, आयटूसी या दोन तारांच्या जोडणीचीच बहीण. दोन्ही तारांना ४.७ किलोओहमचे पुल-अप (तार एरवी वर धरणारे रेझिस्टर) लावा. लिहिण्याचा पत्ता ०एक्स४२, वाचण्याचा ०एक्स४३. लॉजिक अ‍ॅनलायझर लावून पहिलं उत्तर येतंय का बघा, मगच पुढे.

यानंतर थेट खोलीचं चित्र बघण्याचा मोह होतो. थांबा. या कॅमेऱ्याच्या आतच रंगीत पट्ट्यांचं तपासणी-चित्र आहे, ते रजिस्टरमधून चालू करा. लेन्सवर टोपण असलं तरी पट्टे दिसायला हवेत. पट्टे स्वच्छ दिसले, म्हणजे वायर, क्लॉक, बाइटांचा क्रम, सगळं ठीक. पट्ट्यांचे रंग भलतेच दिसले तर आरजीबी५६५ (लाल-हिरवा-निळा १६ बिटांत) चे दोन बाइट उलटसुलट जोडले गेलेत. पट्टे तिरके सरकत असतील तर ओळ संपल्याची खूण, म्हणजे एचरेफ, तुम्ही नीट पाळत नाही. खोलीच्या चित्रात यातलं काहीच कळत नाही. तिथे सगळंच नुसतं धूसर दिसतं आणि लेन्सचा फोकस फिरवण्यात दिवस जातो.

कॅमेऱ्याचा पीसीएलके, म्हणजे पिक्सेलांबरोबर येणारा क्लॉक, शक्यतो क्लॉकसाठी असलेल्या पिनवर आणा. तशी पिन मोकळी नसेल तर व्हिवाडो चूक दाखवतं, आणि ती गप्प करायची एक ओळ सगळीकडे सापडते. ती लिहून काम चालतं, पण मी दुसरा मार्ग घेतो: पीसीएलकेला क्लॉक न मानता साधा सिग्नल मानून १०० मेगाहर्ट्झवर त्याची चढती कड ओळखायची. पीसीएलके २४ च्या आसपास असल्याने एका फेरीत चार वेळा बघायला मिळतं, आणि पुढची सातवी पायरीही सोपी होते.

पट्टे जमले की रजिस्टर बदलून उजेड आणि रंग वेगवेगळे देणारा वाययूव्ही मोड घ्या. त्यात दर दुसरा बाइट थेट उजेडाचा आकडा असतो. आपल्याला करडं चित्रच हवंय, तेव्हा तोच उचलायचा. आरजीबीमधूनच करायचं असेल तर ७७ पट लाल, १५० पट हिरवा, २९ पट निळा, बेरीज करून ८ बिट उजवीकडे सरकवा. तिन्ही आकड्यांची बेरीज २५६ होते म्हणून भागाकार लागत नाही.

६. पायथनमध्ये आदर्श उत्तर तयार ठेवा

व्हेरिलॉग (सर्किटचं वर्णन करायची भाषा) लिहिण्याआधी तेच काम पायथनमध्ये करा, पण एफपीजीए जसं करील तसं: फक्त पूर्णांक, दशांश नाहीत, वर्गमूळ नाही, २५५ च्या वरचं सगळं २५५. ओपनसीव्हीचं तयार फंक्शन वापरून तुलना केलीत तर कडेच्या पिक्सेलांत फरक येईल, कारण ते चित्राच्या बाहेरचे पिक्सेल आरशासारखे उलटवून धरतं. आपण कडेची एक ओळ आणि एक स्तंभ सरळ काळा ठेवतो. म्हणून स्वतःचा छोटा लूप लिहा. रंगीत चित्र वाचत असाल तर ओपनसीव्हीत क्रम निळा-हिरवा-लाल असतो हेही ध्यानात ठेवा.

मग एक लहान चित्र घ्या, ३२×२४ पुरे. ते हेक्स आकड्यांच्या फाइलमध्ये लिहा, टेस्टबेंचमध्ये (सर्किट तपासायच्या कोडमध्ये) वाचा, तुमच्या सर्किटमधून काढा, उत्तर दुसऱ्या फाइलमध्ये लिहा आणि पायथनच्या उत्तराशी आकड्याला आकडा ताडून पाहा. एकही आकडा वेगळा चालणार नाही. ‘जवळजवळ सारखं’ असं काही नसतं; एक वेगळा आकडा म्हणजे कुठेतरी एक क्लॉक मागे-पुढे झालेला आहे. ओळीची लांबी पॅरामीटर ठेवा, म्हणजे बोर्डावर तोच कोड ६४० ला चालेल. यासाठी व्हिवाडो उघडायचीही गरज नाही. सिम्युलेशनसाठी आयकॅरस व्हेरिलॉग आणि सिग्नल बघायला जीटीकेवेव्ह, दोन्ही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर पळतात.

७. दोन क्लॉकांच्या मधला पूल

एका क्लॉकवर चालणारी खूण दुसऱ्या क्लॉकच्या सर्किटने थेट वाचली की कधी बरोबर, कधी चूक असं होतं, आणि ते सिम्युलेशनमध्ये दिसत नाही. एक बिट असेल तर दोन फ्लिपफ्लॉपांतून (एकेक बिट धरणाऱ्या कप्प्यांतून) काढा. अनेक बिटांचा आकडा असेल तर तसं करू नका, कारण प्रत्येक बिट वेगळ्या वेळी पोहोचू शकतो. त्यासाठी दोन बाजूंनी वेगळे क्लॉक घेणारा फिफो किंवा दोन पोर्टांची ब्लॉक रॅम वापरा. आपला फ्रेम बफर दोन पोर्टांचाच आहे: एका बाजूने कॅमेरा लिहितो, दुसऱ्या बाजूने व्हीजीए वाचतो. १ बिटाच्या दोन चित्रांची जागा आहेच, तर दोन बफर ठेवा आणि कॅमेऱ्याची फ्रेम संपली की अदलाबदल करा. ती अदलाबदल व्हीजीएच्या उभ्या सिंकच्या वेळीच लागू करा, नाहीतर हलता हात मधोमध कापल्यासारखा दिसतो.

८. खिडकी आणि सोबेल

आता मुख्य काम: सोबेल, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांतल्या फरकावरून कडा शोधायची रीत. आपल्याला प्रत्येक पिक्सेलभोवतीचे ९ पिक्सेल एकाच क्लॉकला समोर हवेत. त्यासाठी दोन लाइन बफर (मागच्या एकेक ओळीची मेमरी) आणि ९ रजिस्टर (एकेक पिक्सेल धरणारे कप्पे).

नवा पिक्सेल आला की स्तंभाच्या काउंटरने दोन्ही बफरांतला त्याच जागेचा जुना आकडा वाचा. पहिल्या बफरमधून निघतो वरच्या ओळीतला पिक्सेल, दुसऱ्यातून त्याच्याही वरच्या ओळीतला. मग नवा पिक्सेल पहिल्या बफरमध्ये लिहा आणि पहिल्यातून निघालेला दुसऱ्यात. तीन ओळींतले तीन पिक्सेल असे हातात आले; ते खिडकीच्या उजव्या स्तंभात घाला आणि आधीचे दोन स्तंभ डावीकडे सरकवा. झालं. प्रत्येक पिक्सेलागणिक खिडकी एक घर पुढे जाते आणि काहीही दुसऱ्यांदा वाचावं लागत नाही.

इथली फसगत ठरलेली आहे: ब्लॉक रॅम पत्ता दिल्यावर आकडा पुढच्या क्लॉकला देते. म्हणजे वरच्या दोन ओळींचे पिक्सेल एक क्लॉक उशिरा येतात आणि नवा पिक्सेल लगेच आलेला असतो. नव्या पिक्सेललाही एका रजिस्टरमधून काढून एक क्लॉक थांबवा, आणि बफरमध्ये लिहितानाचा पत्ताही तेवढाच मागे ठेवा. हे केलं नाही तर उभ्या कडा दातेरी दिसतात.

सोबेलसाठी उजव्या स्तंभाची बेरीज, मधला दुप्पट. त्यातून डाव्या स्तंभाची तशीच बेरीज वजा. हा आडवा फरक. खालची ओळ वजा वरची ओळ, हा उभा फरक. दुप्पट म्हणजे एक बिट डावीकडे सरकवणं, तेव्हा एकही गुणाकार लागत नाही आणि ९० डीएसपी तसेच मोकळे राहतात. बिटांची रुंदी मात्र नीट मोजा. एका बाजूची बेरीज जास्तीत जास्त १,०२०, म्हणून फरक −१,०२० ते १,०२०. त्याला चिन्हासह ११ बिट हवेत. व्हेरिलॉगमध्ये पिक्सेल चिन्हविरहित असतात. त्यांना रुंद करून साइन्ड जाहीर केल्याशिवाय वजाबाकी केलीत तर ऋण उत्तराचा भलताच मोठा धन आकडा होतो.

खऱ्या सूत्रात दोन फरकांच्या वर्गांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ आहे. चिपवर ते महाग पडतं. दोन्हींचे चिन्ह काढून टाकलेले आकडे नुसते मिळवा. तिरक्या कडा जरा जास्त उजळ दिसतात, बाकी डोळ्याला फरक जाणवत नाही. बेरीज २५५ च्या वर गेली तर २५५ वर थांबवा. नुसते खालचे ८ बिट घेतलेत तर सगळ्यात ठळक कडांच्या मधोमध काळे ठिपके पडतील.

मग उंबरठा: आकडा त्याहून मोठा असेल तर १, नाहीतर ०. उंबरठा कोडमध्ये पक्का लिहू नका, बोर्डाच्या ८ स्विचांवर आणा. खोलीतला उजेड बदलला की स्विच हलवून लगेच जुळवता येतं, आणि परीक्षकांनाही हात लावून बघता येतं.

शेवटची गोष्ट, आणि ही सगळ्यांना हमखास अडवते. पिक्सेल खिडकी, बेरीज, उंबरठा अशा टप्प्यांतून जाताना काही क्लॉक मागे पडतो. त्याच्याबरोबरची ‘हा पिक्सेल खरा आहे’ ही खूण आणि त्याची ओळ-स्तंभाची जागा याही तेवढ्याच क्लॉकांनी मागे ठेवायच्या. शिवाय खिडकीचा मधला पिक्सेल नव्या पिक्सेलच्या एक ओळ आणि एक स्तंभ मागे असतो, तेही जागेत धरायचं. हातात हात घालून न्यायचं, एकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे सोडायचं नाही.

९. टायमिंगचा अहवाल वाचा

बिटस्ट्रीम, म्हणजे चिपवर चढवायची फाइल, तयार झाली म्हणजे सर्किट चालेलच असं नाही. अहवालात डब्ल्यूएनएस (सगळ्यात हळू वाटेवर उरलेला वेळ) हा आकडा शोधा. तो शून्याहून खाली असेल तर सर्किट त्या क्लॉकला पुरं पडत नाही, मग टेबलावर आज चाललं तरी भरवसा नाही. उपाय बहुतेक वेळा एकच: बेरजांच्या लांब साखळीत मध्ये एक रजिस्टर घाला आणि आठव्या पायरीतल्या खुणाही एका क्लॉकने मागे घ्या. कन्स्ट्रेंट फाइलमध्ये क्लॉक सांगितलेलाच नसेल तर अहवाल स्वच्छ दिसतो, कारण तपासायलाच काही नसतं. त्या स्वच्छपणावर विश्वास ठेवू नका.

१०. गोव्याची हवा, वीज आणि दिवे

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा ओळीओळीने टिपतो, त्यामुळे चित्रात आडवे फिकट-गडद पट्टे सरकताना दिसतात आणि उंबरठ्यानंतर ते खोट्या कडा बनतात. कॅमेऱ्याच्या रजिस्टरमध्ये ५० हर्ट्झचा बँडिंग फिल्टर आहे तो चालू करा, किंवा एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा. इंटरनेटवरच्या तयार रजिस्टर याद्या बऱ्याचदा ६० हर्ट्झच्या देशांत बनलेल्या असतात. काजूच्या पट्ट्यासारखं काही करणार असाल तर डीसीवर चालणारा स्थिर दिवाच घ्या.

जून ते सप्टेंबर बोर्ड आणि कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. दमट हवेत जम्परच्या पिनांवर गंज चढतो आणि मग कधी चालतं, कधी नाही. एसी लॅबमधून बाहेर काढल्यावर लेन्सवर बाष्प बसतं. पुसत बसू नका, थोडा वेळ थांबा.

आणि वीज जाते. यूएसबीतून चढवलेलं डिझाइन वीज गेली की पुसलं जातं, कारण चिपच्या आतली रचना साध्या रॅमसारखीच असते. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी बिटस्ट्रीम बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीत उतरवा, मोडचा जम्पर फ्लॅशवर लावा, आणि बोर्डाची वीज काढून पुन्हा लावून खात्री करा.

११. इथून पुढे

सोबेल चालू झालं की सांगाडा तयार आहे. आतला फक्त एक ठोकळा बदलायचा. त्याच खिडकीत १-२-१, २-४-२, १-२-१ असे भार घालून ४ बिट उजवीकडे सरकवलं की चित्रातला खरखरीतपणा कमी होतो. तो ठोकळा सोबेलच्या आधी लावा आणि कडा किती स्वच्छ होतात ते बघा. नऊ आकडे चढत्या क्रमाने लावून मधला निवडला की मीठ-मिरीसारखे ठिपके जातात. काजूच्या गराचा करपलेला भाग शोधायला तर खिडकीही लागत नाही: रंगीत मोडमध्ये गडद तपकिरी पिक्सेल मोजायचे आणि एका पट्ट्यात ते ठरावीक संख्येपलीकडे गेले की एक पिन वर करायची. तिथे एलईडी लावा, मग रिले, मग झोताचा व्हॉल्व्ह. रिले आणि व्हॉल्व्ह मात्र एफपीजीएच्या पिनवर थेट जोडू नका, मध्ये ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोकपलर हवा.

सी भाषेतून सर्किट बनवणारी एचएलएसची साधनं वापरू का, असं बरेच जण विचारतात. पहिल्या प्रोजेक्टला नको. खिडकी हाताने एकदा बांधलीत की एचएलएसने काय बनवलंय ते तुम्हाला वाचता येईल; आधीच तिकडे गेलात तर चूक कुठे आहे ते शोधायला काहीच हाती नसतं. त्यानंतर एआरएम प्रोसेसर आणि एफपीजीए एकाच चिपमध्ये असलेला झिंक घ्या. पिंक-झेड२ बोर्डावर एचडीएमआय आत आणि बाहेर दोन्ही आहे आणि पायथनमधून हाताळता येतं. तिथे पिक्सेल एएक्सआय-स्ट्रीम नावाच्या ठरलेल्या पद्धतीने वाहतात. त्यातली ‘व्हॅलिड’ ची तार म्हणजे तुम्ही आठव्या पायरीत पिक्सेलबरोबर मागे ठेवत नेलेली तीच खूण. नवी असते ती ‘रेडी’ ची तार, जिने पुढचा ठोकळा मागच्याला थांब म्हणू शकतो. कॅमेरा थांबत नाही, म्हणून त्याच्या लगेच पुढे एक फिफो ठेवा.